हजार हॉर्सपॉवर, पण पायाखाली किती? फॉर्म्युला वन इंजिनांची पॉवर आणि ड्रायव्हेबिलिटी

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : विद्यार्थ्यांनी स्वतः डिझाइन करून बांधलेली छोटी सिंगल-सीटर रेसकार, आणि अशा सगळ्या कॉलेजांच्या कारची स्पर्धा. आमच्या कारमध्ये बाईकचं सिंगल-सिलिंडर इंजिन होतं आणि इंजिनाचं ट्यूनिंग माझ्याकडे होतं. इंजेक्शन आणि इग्निशनचे टेबल बदलत बदलत मी डायनोवर अडीच-तीन हॉर्सपॉवर वाढवून दाखवले. ग्राफची प्रिंट काढून वर्कशॉपच्या भिंतीवर चिकटवली. त्या आठवड्यात माझ्याएवढा खूश माणूस कॅम्पसमध्ये नव्हता.

मग आमच्या ड्रायव्हरने गाडी चालवली, परत आला आणि हेल्मेट काढून म्हणाला, "अरे, पाय टेकवला की लाथ मारतेय. आणि पुढचं अर्धं पॅडल मेलेलं आहे." मी त्याला भिंतीवरचा ग्राफ दाखवला. ग्राफ तर लोण्यासारखा गुळगुळीत होता. त्यावर मी सगळ्यांसमोर जे बोललो ते अजून लक्षात आहे : "गाडी बरोबर आहे, तुला चालवता येत नाहीये."

त्या वाक्याकडे शेवटी येतोच. पण तो जे सांगत होता त्याला मोटरस्पोर्टमध्ये एक शब्द आहे, ड्रायव्हेबिलिटी. फॉर्म्युला वनमध्ये या एका गोष्टीवर शेकडो इंजिनिअर वर्षानुवर्षं काम करतात. मराठीत 'गाडी हाताखाली असणं' म्हणता येईल, पण खाली मी ड्रायव्हेबिलिटी हाच शब्द वापरतो.

पॉवर आणि टॉर्क : एकदाच नीट समजून घेऊ

टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. पॉवर म्हणजे तो जोर किती वेगाने लावला जातोय. हिशोब सोपा आहे : टॉर्क (न्यूटन-मीटर) गुणिले आरपीएम भागिले ९५४९, की उत्तर किलोवॅटमध्ये येतं.

आता गंमत बघा. २००६ ते २०१३ या काळातलं फॉर्म्युला वनचं २.४ लिटर व्ही-८ इंजिन साधारण ३०० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क द्यायचं. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या २.२ लिटर डिझेल एसयूव्ही ३५० ते ४०० देतात. म्हणजे लग्नाला पाहुणे घेऊन जाणाऱ्या गाडीत रेसकारपेक्षा जास्त टॉर्क! फरक आरपीएमचा आहे. डिझेलचा जोर साडेतीन हजार आरपीएमच्या पुढे ओसरायला लागतो, तर ते व्ही-८ अठरा हजारांपर्यंत फिरायचं. ३०० गुणिले १८,००० भागिले ९५४९, म्हणजे ५६५ किलोवॅट, म्हणजे साडेसातशेच्या वर हॉर्सपॉवर.

ब्रोशरवर किंवा यूट्यूबच्या थंबनेलवर जो आकडा असतो तो पीक पॉवरचा, म्हणजे एका ठरावीक आरपीएमला, पॅडल पूर्ण दाबलेलं असताना. पण ड्रायव्हर कोपऱ्यातून बाहेर पडतो तेव्हा पॅडल पूर्ण दाबलेलं नसतं आणि आरपीएमही तो नसतो. डायनोचा ग्राफ नेमकं हेच लपवतो, कारण तो बहुतेक वेळा पॅडल शंभर टक्के दाबून काढलेला असतो. माझा ग्राफ खोटा नव्हता. तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता.

टायर किती झेलतो?

हा भाग जरा हिशोबाचा आहे, पण पुढचं सगळं यावर उभं आहे, म्हणून सोडू नका.

समजा गाडीत हजार हॉर्सपॉवर आहेत, म्हणजे ७४६ किलोवॅट. गाडीचं वजन ड्रायव्हरसकट ८०० किलो धरू. ताशी १०० किलोमीटर वेगाला, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटरला, ही सगळी पॉवर चाकांवर आणली तर पुढे ढकलणारं बल होतं सुमारे २६,८०० न्यूटन. गाडीचं वजन न्यूटनमध्ये ७,८०० च्या आसपास. म्हणजे टायरने गाडीच्या वजनाच्या जवळपास साडेतीन पट पकड द्यायला हवी. या वेगाला डाउनफोर्स अजून फारसा आलेला नसतो, आणि ढकलायचं काम फक्त मागची दोन चाकं करतात. त्यांना एवढं झेपणं शक्यच नाही. पॅडल पूर्ण दाबलंत तर चाकं जागेवर फिरतील आणि गाडी शेपूट पुढे करून उभी राहील.

आता ताशी २५० ला हाच हिशोब करा. तीच पॉवर, पण बल उरतं साधारण १०,७०० न्यूटन, आणि त्यातला मोठा वाटा हवेचा विरोध खातो. डाउनफोर्समुळे टायर मात्र आता भरपूर पकड देतोय. इथे ड्रायव्हर बिनधास्त पॅडल फ्लोअरला चिकटवतो आणि इंजिन कमी पडतं.

म्हणजे एकाच लॅपमध्ये दोन वेगवेगळी जगं आहेत. हळू कोपऱ्यांमध्ये टायर कमी पडतो, सरळ रस्त्यावर इंजिन कमी पडतं. मोंझासारख्या ट्रॅकवर ड्रायव्हर लॅपचा बहुतांश भाग पूर्ण पॅडलवर असतो, तिथे पीक पॉवर राजा. मोनॅकोच्या हेअरपिनमध्ये गाडी ताशी पन्नासच्या आसपास येते. तिथे हजार हॉर्सपॉवरपैकी नेमके किती हवेत, हे ड्रायव्हरचा उजवा पाय ठरवतो. त्या पायाला इंजिनाने इमानदारीने उत्तर देणं म्हणजे ड्रायव्हेबिलिटी.

इमानदारीने म्हणजे काय? पॅडल दहा टक्के जास्त दाबलं की टॉर्क त्याच प्रमाणात वाढावा, एकदम दुप्पट नको. मागितला की लगेच यावा, अर्ध्या सेकंदाने नको. पाय उचलला की तसाच जावा. आणि आज चौथ्या कोपऱ्यात जे झालं तेच उद्या, गरम इंजिनावर, जुन्या टायरवर व्हावं. ड्रायव्हरला एकदा अंदाज बांधता आला की तो टायरच्या मर्यादेला अगदी खेटून गाडी चालवू शकतो. इंजिनाचा भरवसा नसेल तर तो नकळत थोडी जागा सोडून चालवतो. प्रत्येक कोपऱ्यात पाच-दहा शतांश सेकंद गेले की लॅपला अर्धा सेकंद गेलाच. वर मागचे टायर घसरून घसरून लवकर संपतात ते वेगळंच.

टर्बो : आधी काहीच नाही, मग सगळं एकदम

ड्रायव्हेबिलिटीचा प्रश्न सगळ्यात उघडपणे दिसला तो टर्बोच्या पहिल्या जमान्यात. जुलै १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनला रेनॉने दीड लिटरचं टर्बो व्ही-६ इंजिन असलेली आरएस-०१ उतरवली. तेव्हा बाकीचे तीन लिटरची साधी, विनाटर्बो इंजिनं वापरत होते. रेनॉची गाडी इतक्यांदा धूर सोडत बंद पडायची की तिला 'पिवळी चहाची किटली' असं नाव पडलं. पण १९७९ मध्ये दिजों इथे ज्यां-पिएर जाबुई याने टर्बो इंजिनाला पहिला विजय मिळवून दिला आणि हसणारे गप्प झाले.

टर्बो कसा चालतो? इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर एक टर्बाइन फिरतं, त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त पॉवर. अडचण ही की कोपऱ्यात पाय उचलला की बाहेर पडणारा वायू कमी होतो आणि टर्बाइन मंदावतं. पुन्हा पॅडल दाबलं की आधी ते वेग घेणार, मग दाब तयार होणार, मग जोर येणार. या मधल्या वेळेला टर्बो लॅग म्हणतात. त्या काळी ड्रायव्हर कोपरा संपायच्या आधीच, गाडी अजून वळत असताना, पॅडल दाबून ठेवायचे आणि जोर येईल तेव्हा गाडी सरळ झालेली असेल अशा हिशोबावर चालायचे. हिशोब चुकला की भिंत.

१९८३ मध्ये नेल्सन पिके टर्बो गाडीतला पहिला विश्वविजेता झाला, ब्रॅबम-बीएमडब्ल्यूमधून. ते बीएमडब्ल्यूचं चार सिलिंडरचं इंजिन रस्त्यावरच्या गाडीच्या ब्लॉकवर आधारलेलं होतं. पुढे १९८६ च्या क्वालिफाइंगमध्ये त्याने किती पॉवर दिली याचे १३००-१४०० हॉर्सपॉवरचे आकडे तुम्ही सगळीकडे वाचाल. ते अंदाज आहेत. डायनोमीटरची मापायची हद्दच तेवढी नव्हती.

मोनॅको १९८४

माझ्या मते ड्रायव्हेबिलिटी म्हणजे काय हे एका शर्यतीत बघायचं असेल तर ही बघावी.

३ जून १९८४. धो धो पाऊस. ट्रॅक म्हणजे मोनॅकोचे अरुंद रस्ते, दोन्हीकडे लोखंडी रेलिंग. मैदानात वीस गाड्या, त्यातल्या एकोणीस टर्बो. विसावी, आणि ग्रिडवरही विसाव्याच जागेवर, श्टेफान बेलोफची टिरेल. तिच्यात विनाटर्बो तीन लिटर कॉसवर्थ इंजिन. कोरड्या रस्त्यावर टर्बोवाल्यांसमोर तिची काही गणतीच नव्हती.

पावसात मात्र टायरची पकड इतकी कमी होती की शेकडो हॉर्सपॉवर कोणालाच वापरता येत नव्हते. पॉवर किती आहे याला अर्थ उरला नव्हता, ती किती बारीक चमच्याने वाढता येते याला होता. बेलोफचं इंजिन पायाला लगेच आणि सरळ उत्तर देत होतं. टर्बोवाल्यांना लॅगनंतर धाडकन येणारा जोर ओल्या रस्त्यावर सांभाळावा लागत होता. बेलोफ एकेकाला मागे टाकत तिसऱ्या जागेवर आला. त्याच्या पुढे दुसरा होता एक नवखा पोरगा, आयर्टन सेना, टोलमन-हार्ट टर्बोमध्ये, आणि पहिला अलँ प्रॉस्ट. दोघंही प्रॉस्टच्या जवळ येत होते. ३१ लॅप मोजून शर्यत थांबवली गेली, प्रॉस्ट जिंकला, गुण अर्धेच मिळाले.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर यात इंजिनाइतकाच, कदाचित जास्तच, वाटा बेलोफच्या पायाचा होता. सेना तर टर्बो घेऊनच दुसरा आला. शिवाय त्या वर्षी तांत्रिक नियमभंगावरून टिरेलचे संपूर्ण मोसमाचे निकाल रद्द झाले, त्यामुळे अधिकृत यादीत बेलोफचं तिसरं स्थान दिसत नाही. पण एकोणीस टर्बोंमध्ये एक साधं इंजिन तिथपर्यंत पोचलं, हे पुसता येत नाही.

लॅग हे काही टर्बोच्या कपाळी लिहिलेलं नव्हतं. १९८८ साली टर्बोचा दाब २.५ बार आणि टर्बो गाड्यांचं इंधन १५० लिटर इतकं मर्यादित केलं होतं, म्हणजे पॉवर कापलेली. तरी होंडाचं इंजिन असलेल्या मॅकलॅरेन एमपी-४/४ ने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. इंधन, दाब आणि इग्निशन यांवर इलेक्ट्रॉनिक ताबा ठेवण्यात होंडा तोपर्यंत इतरांच्या खूप पुढे गेली होती. १९८९ पासून टर्बोवर बंदी आली, आणि पायाला सरळ उत्तर देणाऱ्या मोठ्या इंजिनांचा जमाना पुन्हा सुरू झाला.

सॉफ्टवेअर मध्ये येतं

इथून पुढे विषय माझ्या धंद्याचा आहे.

पॅडलपासून इंजिनापर्यंत पूर्वी तार असायची. पाय जेवढा, तेवढा थ्रॉटल उघडा. मग सेन्सर आले, मोटरने उघडणारे थ्रॉटल आले आणि मध्ये ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर बसला. एकदा मध्ये कॉम्प्युटर बसला की पुढचा प्रश्न ठरलेला : चाक घसरतंय हे सेन्सरला कळतंय, तर कॉम्प्युटरनेच टॉर्क कमी का करू नये? याला ट्रॅक्शन कंट्रोल म्हणतात. १९९२ च्या विल्यम्स एफडब्ल्यू-१४बी मध्ये ते होतं, सोबत ॲक्टिव्ह सस्पेन्शन. नायजेल मॅन्सेलने त्या वर्षी बाकीच्यांना धुऊन काढलं.

१९९४ मध्ये या सगळ्या मदतींवर बंदी आली. आणि मग तो किस्सा झाला जो प्रत्येक प्रोग्रामरने वाचायला हवा. शंकेवरून बेनेटन टीमचं सॉफ्टवेअर तपासलं गेलं. लॅपटॉपवरच्या मेनूमध्ये दहा पर्याय दिसत होते, पण स्क्रीनवर न दिसणारा तेरावा पर्याय निवडला की लाँच कंट्रोल चालू होत होतं. टीमचं म्हणणं, जुना कोड काढायचा राहून गेला. ते शर्यतीत वापरल्याचा पुरावा सापडला नाही, त्यामुळे त्या मुद्द्यावर शिक्षा झाली नाही. डेड कोड प्रॉडक्शनमध्ये ठेवू नका असं आमचे सीनियर सांगतात, तेव्हा मला हा तेरा नंबर आठवतो.

कोण लपून काय करतंय हे पकडणं इतकं अवघड झालं की २००१ च्या स्पॅनिश ग्रांप्रीपासून ट्रॅक्शन कंट्रोल अधिकृतपणे परत आलं. २००८ मध्ये पुन्हा बंदी, पण या वेळी हुशारीने : सगळ्या टीमना एकच ईसीयू सक्तीचा केला, मॅकलॅरेनच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने बनवलेला. हार्डवेअरही सारखं, मूळ सॉफ्टवेअरही सारखं. टीमने फक्त त्यातले आकडे भरायचे.

हे आकडे म्हणजेच मॅप. सगळ्यात महत्त्वाचा पॅडल मॅप. तो एक्सेलच्या शीटसारखा डोळ्यासमोर आणा : ओळींमध्ये पॅडल किती टक्के, रकान्यांमध्ये आरपीएम, आणि प्रत्येक चौकटीत 'ड्रायव्हरला इतका टॉर्क हवाय' हा आकडा. दोन चौकटींच्या मध्ये असाल तर ईसीयू मधला आकडा काढतो. मग तो टॉर्क प्रत्यक्षात आणण्यासाठी थ्रॉटल किती उघडायचा, इंधन किती, ठिणगी केव्हा, हे ठरतं. ठिणगी किंचित उशिरा टाकली की टॉर्क लगेच पडतो. हवा कमी करून तोच परिणाम मिळवायला जास्त वेळ लागतो.

या शीटवर नियमांची नजर आहे. चाकांना जाणारा टॉर्क ड्रायव्हरने फक्त पॅडलने मागायचा. एका ठरावीक आरपीएमला पॅडल जास्त दाबलं तर मागणी वाढलीच पाहिजे, मध्येच कमी होता कामा नये. आरपीएम वाढताना टॉर्क किती झपाट्याने उतरू शकतो यालाही मर्यादा आहे. ती का? चाक घसरायला लागलं की आरपीएम एकदम चढतो. मॅपमध्ये तिथे खोल खड्डा ठेवला तर टॉर्क आपोआप पडेल आणि चाक पुन्हा पकड घेईल, म्हणजे सेन्सर न वापरता बनवलेलं चोरटं ट्रॅक्शन कंट्रोल. नियम लिहिणारे पण इंजिनिअरच असतात हो.

हॉकेनहाइम २०१२ : कमी टॉर्कचा फायदा

जुलै २०१२, जर्मन ग्रांप्री. शर्यतीच्या सकाळी एफआयएच्या तांत्रिक प्रतिनिधीने अहवाल दिला की रेड बुलच्या दोन्ही गाड्यांचा टॉर्क मधल्या आरपीएमला आधीच्या शर्यतींपेक्षा बराच कमी दिसतोय. कमी! कोणी मुद्दाम टॉर्क कमी करून काय मिळवणार?

दोन गोष्टी मिळत होत्या. त्या काळात एक्झॉस्टचा वायू गाडीच्या मागच्या भागावर सोडून डाउनफोर्स वाढवण्याची स्पर्धा चालू होती. थ्रॉटल उघडा ठेवून ठिणगी उशिरा टाकली, तर टॉर्क कमी येतो पण वायू भरपूर वाहतो. म्हणजे कोपऱ्यात डाउनफोर्स जास्त. दुसरं, मधल्या आरपीएमला टॉर्क मऊ झाला की चाक घसरण्याची भीती कमी. एका दगडात दोन पक्षी.

स्ट्यूअर्ड्सनी टीमचे सगळे युक्तिवाद मान्य नसल्याचं सांगितलं, पण नियमाच्या शब्दांत पकडता येत नाही म्हणून कारवाई केली नाही. पुढच्या हंगेरीच्या शर्यतीआधी नियम स्पष्ट केला गेला, की मॅप आधीच्या मॅपपासून मनाला येईल तसा हलवता येणार नाही. नियमाचा अर्थ आणि नियमाचे शब्द यातल्या फटीत फॉर्म्युला वनची निम्मी कल्पकता राहते, असं माझं मत आहे.

२०१४ : तीन स्रोत, एक पॅडल

२०१४ पासून १.६ लिटरचं व्ही-६ टर्बो हायब्रिड आलं. इंधन तासाला जास्तीत जास्त १०० किलो या दराने जळू शकायचं, त्यामुळे आरपीएम वाढवून पॉवर काढायचा जुना रस्ता बंद. सोबत दोन इलेक्ट्रिक मशीन. एमजीयू-के हे क्रँकशाफ्टला जोडलेलं, १२० किलोवॅटचं, म्हणजे सुमारे १६० हॉर्सपॉवर. ब्रेक मारताना तेच जनरेटर होऊन बॅटरी भरतं. आणि एमजीयू-एच टर्बोच्या दांड्यावर, सव्वा लाख आरपीएमपर्यंत फिरू शकणारं.

एमजीयू-एचने टर्बो लॅगचा जुना रोग मुळापासून काढला. पाय उचलला असताना मोटरनेच टर्बाइन फिरतं ठेवायचं, म्हणजे ड्रायव्हर परत येतो तेव्हा दाब तयारच असतो. उरलेली छोटी दरी एमजीयू-के भरून काढतं, कारण इलेक्ट्रिक मोटर जवळजवळ तत्काळ टॉर्क देते. ड्रायव्हरला पॅडल एकच. त्याने ४० टक्के दाबलं तर इंजिन, टर्बो आणि मोटर यांची बेरीज नेमकी ठरलेल्या टॉर्कएवढी यायला हवी, प्रत्येक क्षणी.

ही बेरीज जमवणं किती कठीण गेलं ते २०१४ च्या पहिल्या हेरेझ चाचणीत दिसलं. आधीची सलग चार वर्षं विजेतेपद जिंकलेल्या रेड बुलने चार दिवसांत मोजून २१ लॅप मारले. मर्सिडीजने मात्र त्या वर्षी १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या.

ब्रेकवरही याचा परिणाम होतो, हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. मागच्या चाकांना अडवण्याचं काही काम एमजीयू-के करतं, म्हणून मागचे ब्रेक इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जुळवावे लागतात. २०१४ च्या कॅनडा ग्रांप्रीत दोन्ही मर्सिडीजचं एमजीयू-के बंद पडलं. १६० हॉर्सपॉवर गेलेच, शिवाय मागच्या ब्रेकवर सगळा भार आला. हॅमिल्टनचे ब्रेक तापून गेले आणि त्याला गाडी सोडावी लागली. रोझबर्ग कसाबसा दुसरा आला आणि डॅनियल रिकार्डोने आयुष्यातली पहिली शर्यत जिंकली.

आणि हो, एवढं वाचून पॉवर दुय्यम आहे असं समजू नका. २०१५ मध्ये सुझुकाला, होंडाच्या घरच्या ट्रॅकवर, फर्नांडो अलोन्सो रेडिओवर ओरडला की हे तर जीपी-टूचं इंजिन आहे, म्हणजे खालच्या दर्जाच्या मालिकेतलं. सरळ रस्त्यावर दुसरे त्याच्या बाजूने निघून जात होते आणि तिथे गुळगुळीत मॅप काही कामाचा नव्हता. त्याच होंडाचं इंजिन २०२१ मध्ये व्हर्स्टापेनच्या विजेत्या गाडीत होतं.

बाईकवाल्यांसाठी एक थांबा

हाच प्रश्न दोन चाकांवर आणखी नाजूक होतो, कारण तिथे चाक घसरलं की माणूस हवेत. २००४ मध्ये व्हॅलेंटिनो रॉसी यामाहाकडे आला तेव्हा एम-१ बाईकला क्रॉसप्लेन क्रँक बसवला गेला. साध्या इनलाइन-फोरमध्ये पिस्टन एकत्र वर-खाली होतात आणि त्यांच्या वजनामुळे टॉर्कमध्ये एक खोटी थरथर मिसळते. क्रॉसप्लेनमध्ये ही थरथर बरीचशी कापली जाते, मग रायडरच्या मनगटाला जो टॉर्क जाणवतो तो खरोखर ज्वलनाचा असतो. रॉसीने मोसमातली पहिलीच शर्यत जिंकली आणि विजेतेपदही. पॉवर वाढवून नव्हे, तर आहे ती कळण्याजोगी करून. आपल्याकडच्या रॉयल एनफिल्डच्या ६५० ट्विनमध्ये २७० अंशांचा क्रँक आहे, तो याच विचाराचा चुलतभाऊ.

२०२६ चे नियम

२०२६ पासून एमजीयू-एच गेलं. एमजीयू-के १२० वरून थेट ३५० किलोवॅटवर गेलं आणि पेट्रोल इंजिनाचा वाटा साधारण ४०० किलोवॅटवर आला, म्हणजे जवळपास निम्मं-निम्मं. टर्बाइन फिरतं ठेवणारी मोटर नसल्यामुळे लॅगचा जुना प्रश्न परत दारात उभा आहे, फक्त आता तो झाकायला मोठी इलेक्ट्रिक मोटर आहे. पण त्या मोटरला बॅटरीत चार्ज लागतो, तो आधी कुठेतरी साठवावा लागतो, आणि वेग खूप वाढला की मोटरची परवानगी असलेली पॉवर कमी कमी होत जाते. पायाखालची बेरीज पुन्हा नव्याने जमवायची आहे.

पुढची शर्यत बघताना एक करा. ऑनबोर्ड कॅमेऱ्यावर थ्रॉटलचा बार दिसतो, हळू कोपऱ्यातून बाहेर पडताना फक्त त्याच्याकडे बघा. चांगल्या दिवशी तो एका चढत्या रेषेत शंभरपर्यंत जातो. वाईट दिवशी तो ४०, ६०, ३५, ५० असा नाचतो, आणि आवाजही तसाच अडखळतो.

आमच्या डेटा लॉगरमध्ये नेमकं हेच होतं. स्पर्धेत ऑटोक्रॉसला गाडी स्लॅलममध्ये फिरली, कोन उडाले, प्रत्येक कोनला दोन सेकंदांचा दंड. परत आल्यावर मी पहिल्यांदा थ्रॉटलचा डेटा उघडून बघितला. त्याचा पाय एका लॅपमध्ये इतक्यांदा मागे-पुढे झाला होता की रेषा करवतीच्या दातांसारखी दिसत होती. नियमानुसार आमच्या इंजिनाला सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातून घ्यावी लागायची, आणि त्याच्या आधी मी बसवला होता भलामोठा थ्रॉटल. पॅडल एक-तृतीयांश दाबेपर्यंतच त्या भोकातून जाईल तेवढी हवा जायला लागायची. पुढे कितीही दाबा, काही वाढणार नाही. पाय टेकवला की लाथ, आणि पुढचं पॅडल मेलेलं. त्याने पहिल्या दिवशी शब्दशः हेच सांगितलं होतं.

पुढच्या वर्षी थ्रॉटलच्या तारेसाठी गोल पुलीऐवजी वाकड्या आकाराची कॅम कापून घेतली, म्हणजे सुरुवातीला थ्रॉटल हळू उघडेल. वर्कशॉपमध्ये तासाभराचं काम. डायनोवर पीक पॉवर होती तेवढीच राहिली. तोपर्यंत त्याने टीम सोडली होती. त्याला फोन करायला मला आणखी सात महिने लागले.